पिणं थांबलं, दुखणं राहिलं

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर हुशार, मानी, तरुण वकील. भर कोर्टात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, सनद निलंबित होते, आणि त्या अपमानाने तो आतून जळत असताना त्याचा कारकून तळीराम त्याला दारूची वाट दाखवतो. शंभर वर्षं उलटली. तळीराम आपल्या बोलण्यात राहिला, त्याच्या बायकोचं, सिंधूचं सोसणं राहिलं, वाईट संगतीचा धडा राहिला. कोर्टातला अपमान मात्र आपण विसरून गेलो. पेला तळीरामाने दिला, पण सुधाकरने तो का घेतला याचं उत्तर त्या कोर्टात आहे. आपल्या आसपासच्या सुधाकरांच्या बाबतीतही आपण असंच वागतो. मित्रांना शिव्या देतो, देवाच्या शपथा घालतो, आणि मूळ दुखणं कुठलं हे कोणी विचारत नाही.

ज्यांच्या घरात कोणी पितं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जो स्वतः पितो आणि 'हे आपल्याला का सुटत नाही' म्हणून रात्री एकटाच कासावीस होतो, त्याच्यासाठीही. बोलणं मुख्यतः दारूबद्दल आहे, कारण आपल्याकडे घरं मोडणारं व्यसन बहुतेक वेळा तेच असतं. तंबाखू, गर्द, झोपेच्या गोळ्या, मोबाइलवरचे पैशांचे खेळ यांच्या तऱ्हा वेगळ्या, पण खोलात गेलं की पुष्कळदा वाट तिथेच येऊन मिळते.

दारू या माणसाचं काय काम करते?

'एवढं कळतं तर सोडत का नाही?' हा घरच्यांचा पहिला प्रश्न. त्याच्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. दारू या माणसाचं कोणतं काम करते? काहीतरी काम ती करत असते, निदान सुरुवातीला. कोणाला झोप लावते. कोणाची चारचौघांतली भीड मोडते. दिवसभर हमाली करणाऱ्याचं अंग सैल करते. गटारात उतरणाऱ्याला, शवागारात राबणाऱ्याला त्या वासात उभं राहण्याचं बळ देते. आणि पुष्कळांच्या बाबतीत आत सतत चाललेली एक बडबड तासभर बंद करते: तू कुचकामी आहेस, तुझ्यामुळे झालं, तू कोणाला नको आहेस.

यात ढोंग काही नाही. मेंदूला शांत करणारी जी नैसर्गिक यंत्रणा आहे, तिचा जोर दारू वाढवते. गर्द म्हणजे अफूपासून बनणारं हेरॉइन. त्याचं काम आणखी खोलवरचं. आई मुलाला कुशीत घेते तेव्हा मुलाच्या मेंदूत जी वेदनाशामक द्रव्यं काम करतात, त्यांच्याच जागेवर अफूतले घटक जाऊन बसतात. त्यामुळे ज्याला ती कूस पुरेशी मिळालीच नाही, त्याला पहिल्या दमात आयुष्यात प्रथमच निवांत वाटलं असं तो सांगतो, तेव्हा ते खोटं नसतं.

पुढची फसगत इथेच सुरू होते. रोजच्या दारूला मेंदू सरावतो आणि तोल राखण्यासाठी स्वतःला अधिक ताठ, अधिक सावध करून ठेवतो. मग दारू उतरली की पूर्वीपेक्षा जास्त बेचैनी येते. पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते, नसत्या काळज्या घेरतात. आजचा पेग कालच्या पेगने उभी केलेली भीती मोडण्यासाठी लागतो. मूळ दुखणं एक, त्यावर दारूने चढवलेलं दुसरं. घरच्यांना दिसतं ते दुसरं. पिणाऱ्यालाही पाच-दहा वर्षांनी पहिलं आठवेनासं होतं. विचारलं तर तो म्हणतो, 'सवय आहे, बाकी काही नाही.'

दुखण्याचा आणि व्यसनाचा संबंध केवळ कविकल्पना नाही. अमेरिकेत सॅन दिएगो इथे १९८०च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत होते. वजन छान उतरत असलेलेच काही रुग्ण मध्येच उपचार सोडून जात. त्याचं कारण शोधताना त्यांना अनेकांच्या लहानपणी झालेले अत्याचार सापडले. खाणं हा त्या माणसांचा आधार होता आणि डॉक्टर तो काढून घेत होते. त्यातून फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांच्या बालपणाची मोठी पाहणी केली. १९९८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला मार बसताना पाहणं, घरात कोणी व्यसनी किंवा तुरुंगात असणं, अशा प्रकारचे चार किंवा त्याहून अधिक अनुभव ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला.

दुसरा दाखला व्हिएतनामच्या युद्धातला. तिथल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइन इतकं पसरलं की १९७१ साली सरकार हादरलं. ही सगळी तरुण मुलं व्यसन घेऊन घरी परतणार, असा धसका होता. संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा माग ठेवला. पाचातल्या एकाने तिथे आपण व्यसनात अडकलो होतो असं सांगितलं होतं, पण त्यांच्यापैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा अडकलेले जेमतेम ५ टक्के निघाले. पदार्थ तोच, माणसंही तीच. भीती, कंटाळा आणि मरणाची टांगती तलवार मागे राहिली, घर आणि कामधंदा परत मिळाला, आणि हेरॉइनही पूर्वीसारखं हाताशी राहिलं नाही.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात रस्त्यावरच्या व्यसनींवर वर्षानुवर्षं उपचार केलेले डॉ. गाबोर माते हेच आग्रहाने मांडत आले आहेत. व्यसन का, असं विचारण्याआधी वेदना का, असं विचारा, हे त्यांचं सांगणं. मला ते मोलाचं वाटतं, पण पूर्ण पटत नाही. व्यसनाच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरला जातो. कोपऱ्यावर दुकान असणं, सोळाव्या वर्षी मित्रांनी हातात ग्लास देणं, लग्नाच्या वरातीत पिणं हीच मर्दुमकी मानणं, या गोष्टीही आहेत. सुखी घरातली, काही न बिघडलेली मुलंही अडकतात, आणि भयंकर बालपण सोसलेली पुष्कळ माणसं थेंबाला शिवत नाहीत. तेव्हा आईवडिलांनी 'आमचंच काय चुकलं' म्हणून स्वतःला कोरत बसू नये. पण ज्याच्या बाबतीत वेदना आहे, तिथे तिच्याकडे पाठ फिरवून केलेला उपचार फार टिकत नाही. महिनाभर केंद्रात राहून, तब्येत सुधारून आलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पितो तेव्हा 'पैसे वाया गेले' असं म्हणतात. पिणं थांबलं होतं. दुखणं जिथल्या तिथे होतं.

आपल्याकडची दुखणी

अत्याचार, अपघात अशी मोठी नावं असलेलीच दुखणी शोधत बसू नका. आपल्या घरांतली दुखणी पुष्कळदा बिननावाची असतात. वाटणीत भावाने फसवलं आणि वडील गप्प राहिले. दहावीत नापास झाल्यावर पाहुण्यांसमोर मारलं. कारखाना बंद पडला आणि बायकोच्या पगारावर घर चालू लागलं. मुलगी गेली, आणि दहाव्यापासूनच 'तू पुरुष आहेस, तू सावर' असं सगळ्यांनी बजावलं. गावाहून मुंबई-पुण्याला आलेला पोरगा दहा जणांच्या खोलीत राहतो आणि आठवड्यात त्याच्याशी कामापलीकडे एक वाक्य कोणी बोलत नाही.

यातला अपमान मला सर्वांत घातक वाटतो. दुःखाला निदान तेराव्यापर्यंत मुभा असते, माणसं भेटायला येतात. अपमानाला कोणी भेटायला येत नाही. तो सांगायचा तर पुन्हा एकदा लहान व्हावं लागतं, म्हणून पुरुष तो गिळतो. रडण्याची त्याला परवानगी नसते, रागावण्याची असते. साहेबाचा राग घरी बायकामुलांवर निघतो, नाहीतर बारमध्ये विरघळवला जातो. मुलग्यांवर लहानपणी झालेले लैंगिक अत्याचार तर आपल्याकडे घडलेच नाहीत अशा थाटात आपण वावरतो. व्यसनमुक्तीच्या समुपदेशकांपुढे चाळिशीतले, पन्नाशीतले पुरुष ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून काढतात.

बायकांची व्यसनं दिसत नाहीत, कारण ती लपवावीच लागतात. मशेरी तर व्यसन म्हणून मोजलीच जात नाही. 'पोट साफ होतं' म्हणून पहाटे लावलेली मशेरी हा कित्येक जणींचा दिवसातला एकमेव स्वतःचा वेळ असतो. शहरांत झोपेच्या गोळ्या आहेत. कधीकाळी डॉक्टरने पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. अशी गोळी एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करत न्यावी लागते. बाईचं दारूचं व्यसन उघड झालं की तिच्या उपचाराआधी तिच्या चारित्र्याची चर्चा होते, म्हणून ती फार उशिरा मदतीला येते. पुण्याच्या 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ती केंद्राने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग सुरू केला, तो याच गरजेतून.

आधी शरीर

मनाच्या दुखण्याबद्दल एवढं लिहिल्यावर आता एक गोष्ट ठासून सांगतो. सुरुवात मनापासून करायची नाही, शरीरापासून करायची. जो माणूस सकाळी उठल्यावर थरथरणारे हात स्थिर करायला पितो, त्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नका. खोलीत कोंडून ठेवणं, पैसे काढून घेणं, देवापुढे शपथ देऊन त्याच दिवशी बंद करायला लावणं यात जीव जाऊ शकतो. शेवटच्या पेगनंतर काही तासांत कंप, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमाराला माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही. ही तातडीने रुग्णालयात नेण्याची वेळ आहे. बाहेरचं काही झालंय म्हणून मांत्रिकाकडे नेण्यात दोन दिवस घालवलेली घरं आहेत. योग्य औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन बहुतेकांचा हा काळ सुखरूप पार पडतो.

याच संदर्भात एक प्रसंग वारंवार घडतो. कोणी गाडीवरून पडून पाय मोडून घेतो. हाडांच्या वॉर्डात दाखल करताना डॉक्टर विचारतात, 'काही व्यसन?' आणि नातेवाईक लाजेने 'नाही, नाही' म्हणतात. तिसऱ्या दिवशी रुग्ण सलाइन उपटून पळू लागतो, कॉटवरून उतरून 'माझी गाडी कुठंय' म्हणून ओरडतो, आणि सगळे गोंधळतात. ऑपरेशनने डोकं फिरलं म्हणतात. दारू सुटल्याचा हा परिणाम असतो आणि आधी सांगितलं असतं तर टळला असता. डॉक्टरपासून हे कधीही लपवू नका. किती, कोणती, शेवटची कधी घेतली, हे सगळं सांगा.

आणि जेवणात, चहात गुपचूप औषध घालू नका. भिंतींवर, रिक्षांच्या मागे 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती असतात. अशा पुड्यांत काय असतं ते कोणी सांगत नाही. डायसल्फिरम नावाचं खरं औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदय कमजोर असलेला माणूस त्यात दगावू शकतो. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच ते द्यायचं असतं. शिवाय विश्वासाचं काय? ज्याचं मूळ दुखणंच फसवणुकीचं आहे, त्याला घरच्यांनी जेवणातून फसवलं हे कळल्यावर तो परत कोणावर भरवसा ठेवेल? तलफ कमी करणारी दुसरीही औषधं आता मिळतात. मानसोपचारतज्ज्ञाला विचारा.

दारू सुटल्यावर पहिले काही आठवडे माणूस उदास, चिडका, झोप उडालेला असतो. यातली बरीचशी उदासी दारूचीच देणगी असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरू लागते. त्यानंतरही टिकली तर ते वेगळं नैराश्य आहे आणि त्यावर वेगळे उपचार लागतात. या काळात जुन्या जखमा उकरून काढायच्या नाहीत. 'लहानपणी काय झालं ते सगळं सांग' असा लकडा लावून ज्याच्यापाशी सहन करायचं दुसरं साधन अजून नाही, त्याला पुन्हा बाटलीकडेच ढकललं जातं. जेवण, झोप, अंघोळ, चालणं, रोज एका माणसाशी बोलणं इतकं बसू द्यावं.

वहीत काय लिहायचं

मूळ शोधायला मोठी तंत्रं लागत नाहीत. एक शंभर पानी वही पुरते. पिणाऱ्याने स्वतः लिहायची, इतरांनी वाचायची नाही. तलफ आली की, मग प्यायलेलं असो वा नसो, एवढंच टिपायचं: वेळ, जागा, त्याआधीच्या दोन-तीन तासांत काय घडलं, शरीरात कुठे काय वाटतंय, आणि कितीची तलफ, दहापैकी. उदाहरणार्थ एखादं पान असं असेल:

मंगळवार, संध्याकाळी साडेसात. दुकानाचं शटर ओढलं. दुपारी मोठ्या भावाचा फोन, विहिरीच्या हिश्शाचं. 'तुला काय कळतं' म्हणाला. घसा आवळल्यासारखा. जबडा दुखतोय. आठ.

बुधवार. काही नाही. दोन.

शुक्रवार, रात्री नऊ. मुलाच्या शाळेचा ग्रुप. बाकीच्या बापांचे फोटो. छातीत रिकामं. सात.

तीन-चार आठवडे झाले की पानं स्वतःच बोलू लागतात. या माणसाची दारू 'सवयीची' असती तर बुधवारीही तेवढीच तलफ आली असती. त्याची दारू भावाच्या फोनशी आणि आपण कमी पडलो या भावनेशी बांधलेली आहे. आता समुपदेशकाकडे जाताना त्याच्या हातात काहीतरी ठोस आहे. आणि रोजच्या व्यवहारापुरतं तर आजच ठरवता येतं: भावाचा फोन संध्याकाळी घ्यायचा नाही, सकाळी घ्यायचा. शटर ओढल्यावर ज्या रस्त्यावर बार आहे त्या रस्त्याने जायचं नाही. जबडा आवळला की बाहेर पडून वीस मिनिटं चालायचं आणि ठरलेल्या एका माणसाला फोन करायचा. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. ती उतरते हे एकदा स्वतःच्या अनुभवाने कळलं की तिचा धाक कमी होतो.

ज्याला लिहिता येत नाही किंवा आवडत नाही, त्याने मोबाइलमध्ये बोलून ठेवावं. तेही जमत नसेल तर रात्री झोपताना एकच प्रश्न: आज कशाचं वाईट वाटलं? राग कशाचा आला, हे विचारायचं नाही. राग सगळ्यांना सांगता येतो.

घरच्यांनी कसं बोलावं

रात्री बोलू नका. प्यायलेल्या माणसाशी केलेला वाद सकाळी त्याला आठवत नाही आणि तुम्हाला जन्मभर आठवतो. सकाळी, तो शुद्धीत असताना, मुलं शाळेत गेल्यावर बोला. आणि बोलणं छोटं ठेवा.

'अहो, काल रात्री तुम्ही आईंसमोर मला जे बोललात, ते मला फार लागलं. ते मी चालवून घेणार नाही. पण काल संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हाच तुमचा चेहरा उतरलेला होता. दुकानात काही झालं होतं का?'

उत्तर बहुधा 'काही नाही' असं येईल. येऊ द्या. उलटतपासणी करू नका. चौथ्या-पाचव्या वेळी कदाचित अर्धं वाक्य बाहेर येईल, तेव्हा सल्ला देऊ नका आणि 'म्हणून काय प्यायची?' असंही म्हणू नका. ऐकून घ्या. आईने मुलाशी बोलताना 'तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं' ही यादी बाजूला ठेवावी. ती यादी खरी असते, पण ज्याला आधीच स्वतःची लाज वाटते त्याच्या लाजेत ती भर घालते, आणि लाज हे पिण्याचं फार मोठं कारण आहे.

समजून घेणं म्हणजे सांभाळून घेणं नव्हे. ऑफिसात फोन करून 'त्यांना ताप आहे' सांगू नका. बारची उधारी तुम्ही फेडू नका. मुलांना खोटं सांगू नका. मुलांना सगळं कळतं. बापाच्या मोटरसायकलच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे ती ओळखतात, आणि तशी सावध वाढलेली मुलं हे पुढच्या पिढीचं दुखणं असतं. त्यांना एवढं सांगा की बाबा आजारी आहेत, हे तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि भीती वाटली तर तू अमुक काकूंकडे जायचं. हात उचलला जात असेल तर सगळं समजून घेणं बाजूला ठेवून आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या. मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. वेदना कितीही खरी असली तरी मारहाणीची सूट तिला मिळत नाही.

'लग्न करून द्या, सुधारेल' हा सल्ला देणाऱ्याला मात्र घरातून वाटेला लावा. एका माणसाच्या दुखण्यावर दुसऱ्या घरची मुलगी औषध म्हणून द्यायची, यासारखा अन्याय नाही.

माळ घालण्याबद्दल विचारतात. वारकरी माळ घालून दारू सुटलेली माणसं गावोगाव आहेत, तेव्हा मी तिला नावं ठेवणार नाही. पण ती का लागू पडते ते पाहा. माळेबरोबर माणसाला भजनाची संध्याकाळ मिळते, दिंडी मिळते, 'माउली' म्हणून पाया पडणारी माणसं मिळतात. ज्याला घरात, गावात किंमत उरली नव्हती, त्याला मान परत मिळतो. जिथे हे सगळं मिळत नाही, नुसती शपथ आणि पाप लागण्याची भीती मिळते, तिथे माळ तुटते आणि जोडीला आणखी एक अपराध होऊन बसतो.

मदत कुठे

१९८६ साली २९ ऑगस्टला पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळाने 'मुक्तांगण' सुरू केलं. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांबद्दल अवचटांनी लिहिलं होतं, त्यातून हे उभं राहिलं. तिथली दोन वैशिष्ट्यं इतर कोणतंही केंद्र निवडताना कसोटी म्हणून वापरावीत अशी आहेत. बरे झालेले रुग्णच पुढे तिथे समुपदेशक होतात, त्यामुळे नव्याने आलेल्याला आपलं दुखणं ओळखणारा माणूस समोर दिसतो. आणि रुग्णांच्या पत्नींचा 'सहचरी' हा गट चालतो, म्हणजे उपचार एकट्या पिणाऱ्यावर होत नाही.

केंद्र निवडताना चौकशी करा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ खाली नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात? घरच्यांना भेटू, बोलू देतात का? सुटल्यानंतरचा पाठपुरावा कसा आहे? गाडी पाठवून माणसाला उचलून नेणारी, मारणारी, साखळीने बांधणारी केंद्रं आहेत. या कायद्याने साखळीने बांधायला साफ मनाई आहे. ज्याच्या दुखण्याचं मूळ मारात आहे, तो मार खाऊन बरा होत नाही.

पैसे नसतील तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून ती सुरू झाली. आज महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या शहरांत मराठीतून मीटिंगा होतात, फी नसते, आडनाव विचारत नाहीत. कोणी उपदेश करत नाही. एकेक जण उठून आपलं सांगतो, ज्याला तिथे शेअरिंग म्हणतात. आपण पंचवीस वर्षं गिळलेला अपमान दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की माणूस पहिल्यांदा मोकळा श्वास घेतो. घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात. पिणारा यायला तयार नसला तरी तुम्ही जा.

आणि घसरण होते. सहा महिने, वर्षभर सोबर राहिलेला माणूस एका रात्री पिऊन येतो. त्या रात्री सगळं संपलं असं समजू नका. दोन दिवसांत त्याला समुपदेशकाकडे न्या आणि वहीचं पान उघडायला सांगा. त्याआधी काय झालं होतं? बहुतेक वेळा एखादा मृत्यू, एखादा फोन, एखादं लग्नघर तिथे असतं. एक धोका मात्र लक्षात ठेवा: मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे गर्दच्या बाबतीत पूर्वीइतकाच डोस जीवघेणा ठरतो.

दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणताही उपचार मिळतो. बाकीचे ३७ आपल्या गल्लीत, आपल्या भावकीत आहेत. जीव द्यायच्या गोष्टी कोणी करत असेल, किंवा मनाचं दुखणं असह्य झालं असेल, तर १४४१६ हा 'टेलिमानस' या सरकारी मदतसेवेचा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय क्रमांक १४४४६. तंबाखू सोडायची असेल तर १८०० ११ २३५६. तिन्ही फुकट आहेत. आणि फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही. बायको, आई, मुलगी, शेजारी, कोणीही करू शकतं.